उतारावरची गाठ

पळसटोलीच्या तलावाची पाळ नवी होती आणि पाण्याला अजून माणसांची सवय व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. काठाला सगळीकडे गुडघाभर गाळ. डोंगा पाण्यात लोटायला जागा एकच, पारबता ढिवरणीनं चपटे दगड अंथरून केलेला उतार. केला तो साऱ्या गावासाठी, सांभाळला मात्र तिनं एकटीनं. कुणी त्यावर डोंगा टाकून निघालं की ती मागून हाक घालायची, "बाजूले घे रे बाप्पा, कोनाले कवा घाई लागंल, सांगता येते का?"

काळजी करणाऱ्या बाईला गावात मान कमी, नावं जास्त. पारबताला सगळे 'उताराची सासू' म्हणायचे. ती हसायची, उद्यापासून बोलायचं नाही असं ठरवायची, आणि उद्या उजाडला की पुन्हा बोलायची.

एकदा पलीकडच्या काठावरून वरात आली. तेव्हाची रीत अशी, की वरातीचे डोंगे एकाच दोरानं बांधून आणायचे आणि ती गाठ पाठवणीच्या वेळी नवरीनंच सोडायची. आधी सुटली तर संसार सुटतो. वऱ्हाडानं ते बांधलेले डोंगे तसेच उतारावर ओढले. पारबताचा डोंगा त्यांच्यामागं अडकला. ती काही बोलणार, तोच नवरदेवाचा मामा म्हणाला, "आज तरी सासूपण सोड, माय."

सगळे हसले. पारबतालाही वाटलं, खरंच, आपण उगीच जीव काढतो लोकांचा. ती गप्प बसली. आयुष्यात एकदाच.

दुपारी वारा फिरला. तिची लेक मैनी, एवढीशी पोर, छोट्या डोंग्यातून तलावाच्या मध्यावर शिंगाडे काढायला गेली होती. डोंगा भिंगरीसारखा फिरू लागला. पारबता उतारावर धावली, गाठ सोडा म्हणाली. वऱ्हाडी एकमेकांकडे बघत राहिले. कुणी म्हणे, नवरीला आणा. कुणी म्हणे, हळदीच्या अंगानं तिला पाण्याकाठी कशी आणायची? त्यांचं ठरेना, आणि पारबता तशीच पाण्यात शिरली.

असं म्हणतात, गाळानं तिचा पाय धरला नाही. असं म्हणतात, शिंगाड्याच्या वेलींनी तिच्या पायांखाली चटई विणली आणि ती पाण्यावरून चालत गेली. तिनं लोटलेला डोंगा सरळ उताराला येऊन लागला. मैनीचा परकरसुद्धा कोरडा होता. लोकांनी पुन्हा मध्यावर पाहिलं, तर पाणी सपाट, पारबता कुठंच नाही. तलावानं वाट दिली होती, पण जाण्यापुरतीच.

मैनी मोठी झाली. तिची वरात आली, तेव्हा ती हळदीच्या अंगानं मांडवातून उठली, उतारावर गेली आणि सगळ्यांदेखत गाठ सोडली. सासरची माणसं बिथरली.

"संसार सुटला तं सुटू द्या," ती म्हणाली. "माही माय ह्याच गाठीत गेली."

संसार काही सुटला नाही.

अजूनही पळसटोलीत वरात काठाला लागली की नवरी आधी उतारावर येते आणि गाठ सोडते. डोंगे बाजूला होईपर्यंत वाजंत्री गप्प राहतात. एरवीही डोंगा लोटणारा माणूस वळून पाण्याला सांगतो, "उतार मोकळा हाये, माय." सांगून तो जरासा थांबतो. एकदा तरी तिनं मागून हाक घालावी, असं सगळ्या गावाला वाटतं.