कार्तिकातली चार बोटं

फार फार पूर्वीची गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका, पण तेव्हा राजे प्रजेचं ऐकून घेत असत, एवढी जुनी.

एका डोंगराच्या दोन कुशींतून दोन ओढे खाली येत. लोक त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. दोघांच्याही माथ्यावर दाट रान होतं आणि पायथ्याशी, दोघांच्या मध्ये, एक गाव. गावाखाली सगळा कातळ, त्यामुळे विहीर नाही. प्यायचं पाणी ओढ्यांचं आणि शेताचंही ओढ्यांचंच.

या गावात रानाची सावली मोजायची रीत होती. ते काम साळूबाईकडे होतं. वर्षातून एकदा, भर दुपारी, ती डोक्यावर घागर आणि काखेत परात घेऊन रानातून सरळ चालत जाई. वीस पावलांवर परात ठेवायची, तीत पाणी ओतायचं आणि ते स्थिर झालं की डोकावून बघायचं. पाण्यात पानं दिसली तर दोरीला गाठ मारायची, आभाळ दिसलं तर जागा मोकळी सोडायची. अशा प्रत्येक रानात शंभर जागा. शिवाय दोन्ही ओढ्यांच्या पात्रांत तिने एकेक दगडी खांब रोवला होता. त्यावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा होत्या आणि त्या ती रोज सकाळी बघे. दोन्हीकडे पाणी जवळपास सारखंच असे. इतकी चिकाटी माझ्यात नाही, आणि तुमच्यातही असेल असं मला वाटत नाही.

एका वर्षी राजाच्या मनात सात मजली महाल बांधायचं आलं. प्रधानाने लाकडासाठी थोरल्यावरचं रान दाखवलं. पावसाच्या आधीच कुऱ्हाडी चालल्या. साळूबाईच्या दोरीला त्या रानातून नव्वद गाठी यायच्या, त्या वर्षी आठ आल्या.

पावसाळा सरला, कार्तिक आला, आणि थोरला धाकट्यापेक्षा जोरात वाहू लागला. प्रधानाला आनंद झाला. तो राजाला म्हणाला, "महाराज, झाडं पाणी पितात. ती गेली आणि पाणी वाढलं. आता धाकट्यावरचंही रान तोडू. महाल पुरा होईल, गावाचंही भलं होईल."

राजाने साळूबाईला बोलावणं धाडलं. ती निघाली तशी पाटील वाटेत आडवा आला. "साळूबाई, दोन बोटं कमी झालं म्हणून सांग. दुसरं रान गेलं तर उन्हाळ्यात काय पिणार आपण? कोण बघाया येतंय हितं?"

"खांब बघतोय की," साळूबाई म्हणाली आणि चालू लागली.

दरबारात राजाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वाढलंय, महाराज. चार बोटं जास्त हाय."

प्रधान हसला. तिच्यामागोमाग आलेल्या गावकऱ्यांनी माना खाली घातल्या.

"पण माझं माप बारा महिन्यांचं असतंय," ती पुढे म्हणाली. "अजून सात महिने ऱ्हायल्यात. तवर धाकट्याला हात लावू नगा."

प्रधान धुसफुसला, पण राजा थांबायला तयार झाला.

गावाने मात्र साळूबाईशी बोलणं टाकलं. शेजारणीने तिला चुलीपुरता विस्तव द्यायचंही बंद केलं. तिला फार लागलं ते. तरी रोज सकाळी ती खांबांपाशी गेलीच.

माघात दोन्ही खांबांवरचं पाणी सारखं झालं. फाल्गुनात थोरला मागे पडला. चैत्र संपता संपता त्याच्या खांबाचं बूडही कोरडं पडलं.

वैशाखात राजा स्वतः आला. थोरल्याच्या पात्रात चिखलाला भेगा पडल्या होत्या. धाकटा मात्र सहा बोटं वाहत होता आणि सगळं गाव हंडे-कळशा घेऊन त्याच्याच काठाला होतं.

प्रधान म्हणाला, "खुणांत हिनेच काहीतरी केलं असेल. गावचीच बाई ही."

"खोटंच बोलायचं असतं तर ती कार्तिकात बोलली असती," राजा म्हणाला. "तेव्हा खोटं तिच्या सोयीचं होतं." मग तो साळूबाईकडे वळला. "हे झालं कसं?"

"झाडं पाणी पितात, ते खरंच हाय, महाराज. पण पितात थोडं अन् मुरवतात लई. पानांवरनं पाऊस हळू उतरतो, मऊ मातीत जिरतो. उघड्या रानात त्यानं माती बडवली अन् तसाच पळत खाली आला. कार्तिकातली ती चार बोटं आमचं वैशाखाचंच पाणी हुतं. लवकर आलं, एवढंच."

महाल तिसऱ्या मजल्यावर थांबला. बारा महिन्यांचं माप घेतल्याशिवाय राज्यातलं कुठलंही रान तोडायचं नाही, असा हुकूम निघाला.

थोरल्यावरचं रान पुन्हा दाटायला तीस वर्षं लागली. ते बघायला साळूबाई उरली नव्हती. पण धाकटा एकाही वैशाखात आटला नाही, आणि त्या एका ओढ्यावर गावाने तीस उन्हाळे काढले.

आपल्याविरुद्ध जाणारं मापही जो खरं सांगतो, त्याचाच शब्द अडीअडचणीला सगळ्यांना तारतो.