दुसऱ्या टोकाचा गोलंदाज

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात सोपान नावाचा एक वेगवान गोलंदाज राहत होता. तो धावत आला की समोरच्या फलंदाजाची पावलं आपोआप मागे सरकायची. दरवर्षी सुगी संपली की आजूबाजूच्या गावांचे क्रिकेटचे सामने भरत, आणि सलग तीन वर्षं सगळ्यांत जास्त गडी सोपाननेच बाद केले होते.

त्याच्या समोरच्या टोकाकडून दत्तोबा पोस्टमन गोलंदाजी करायचे. वय चाळिशीच्या पुढे, धाव चार पावलांची आणि चेंडू संथ. गडी त्यांना क्वचितच मिळायचा. पण त्यांचा प्रत्येक चेंडू एकाच जागी पडायचा आणि त्यावर धाव कुठून काढावी हे भल्याभल्यांना सुचायचं नाही. त्यांचं षटक कोरं गेलं तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही. लोक सोपानच्या षटकाची वाट बघत असायचे.

हळूहळू सोपानला वाटू लागलं, की सामने आपण एकटेच जिंकून देतो. चौथ्या वर्षी त्याने कप्तान किसनतात्यांकडे विषय काढला. दत्तोबांना गेल्या स्पर्धेत दोनच गडी मिळाले, त्यांच्या जागी रमाकांतला घ्या, असा हट्टच धरला. रमाकांत त्याचा मित्र होता आणि त्याच्याइतकाच जोरात चेंडू टाकायचा. तात्यांना ते पटलं नाही, पण सोपान रुसून घरी बसेल या भीतीने ते कबूल झाले. सामन्याच्या सकाळी मात्र दत्तोबा सगळ्यांच्या आधी मैदानावर आले आणि खेळपट्टीवरचे खडे वेचून गेले.

त्या दिवशी सोपानने जीव ओतून गोलंदाजी केली. पण पलीकडच्या गावचे फलंदाज त्याचा चेंडू नुसता अडवत होते, नाहीतर सोडून देत होते. रमाकांतचा चेंडू मात्र एक आखूड पडे, तर एक पायावर येई, आणि तिकडे चौकार बसत होते. सोपानची षटकं संपली, एकही गडी मिळाला नाही आणि सामना हातचा गेला.

पलीकडच्या गावात जयसिंग नावाचा फलंदाज होता. सोपानने त्याला आधी दोनदा बाद केलं होतं. न राहवून सोपानने त्याला विचारलं, की आज माझा चेंडू सोपा होता का.

"सोपा? अजून हात झिणझिणतायत," जयसिंग म्हणाला. "पण आज तुला मारायची गरजच पडली नाही."

मग त्याने समजावून सांगितलं. एरवी दत्तोबांच्या षटकात धाव निघायची नाही. दोन-तीन षटकं तशी गेली, की जीव कासावीस व्हायचा आणि सोपानच्या चेंडूवर बॅट फिरवावीच लागायची. तिथेच गडी जायचे. आज धावा दुसरीकडून मिळत होत्या, मग सोपानच्या वाटेला कोण जाणार?

सोपान तिथून थेट दत्तोबांच्या घरी गेला आणि चूक कबूल केली.

"तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, मग तीन वर्षं कधी बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

दत्तोबा म्हणाले, "विकेट तूच काढत होतास, त्यात खोटं काय होतं? आणि मी सांगून तुला पटलं असतं का?"

नंतर सोपानने स्वतःच जाऊन तात्यांना सांगितलं, की मला बसवा, पण दत्तोबांना घ्या. तात्यांनी दोघांनाही घेतलं.

पुढच्या सामन्यात खेळपट्टी भेगाळलेली होती आणि दत्तोबांचा चेंडू हातभर वळत होता. सोपानने ते पाहिलं. त्या दिवशी त्याने वेगाचा मोह आवरला. अंगावर उसळणारे चेंडू त्याने टाकलेच नाहीत. यष्टीच्या रोखाने, एका टप्प्यावर तो चेंडूमागून चेंडू टाकत राहिला. त्याच्याकडे धावा मिळेनात. मग फलंदाज चिडून दत्तोबांना पुढे सरसावून मारू लागले आणि एकामागून एक फसत गेले. दत्तोबांनी सहा गडी बाद केले. आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

सोपान घरी आला तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "आज किती जण बाद केलेस?"

"एकही नाही," सोपान म्हणाला आणि हसत जेवायला बसला. आई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. इतक्या भुकेने तो कितीतरी दिवसांत जेवला नव्हता.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या यशात दुसऱ्याचे कष्ट किती आहेत हे ज्याला उमगतं, तोच वेळ आल्यावर दुसऱ्याच्या यशासाठी मनापासून राबू शकतो.