रिकाम्या मिठाची साक्ष

एकदा एका खाडीकाठच्या गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक वृद्ध शिक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली होती, पण प्रयोगशाळेतलं आयआर यंत्र बिघडलं की त्यांच्याखेरीज कुणाला दुरुस्त करता येत नसे. म्हणून कॉलेजने त्यांना सोडलं नव्हतं आणि त्यांनी कॉलेजला. नाव केळुसकर सर. मुलं मात्र पाठीमागे त्यांना मौनीबाबा म्हणत, आणि त्याला तसंच कारण होतं.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. आयआर म्हणजे अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा प्रकाश. तो पदार्थातून सोडायचा. रेणूतली अणूंची प्रत्येक जोडी आपल्या वाट्याचा तेवढा प्रकाश गिळते आणि कागदावरच्या रेषेला त्या जागी खळगा पडतो. खळगा कुठं पडला त्यावरून आत कोणती जोडी नांदते ते ओळखायचं. त्यासाठी पदार्थाची चिमूट पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या क्षारात खलून, दाबाखाली तिची टिकलीएवढी पारदर्शक चकती करतात. या क्षाराला मुलं सरळ मीठ म्हणत. सरांचे नियम दोनच. मीठ दिव्याच्या उबदार पेटीतूनच काढायचं, आणि खलताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, ‘खलताना बोलू नये’. का, ते लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर सर म्हणत, “कळेल.”

आता बावीस वर्षांच्या पोरांना असला नियम दिला की ती काय करणार? सर असेपर्यंत तोंड मिटणार आणि सरांची पाठ वळली की बडबडणार. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रेवती तांडेल याला अपवाद नव्हती. हुशार होती, हाताला चपळ होती, आणि तिला घाई होती.

घाईचं कारण असं, की शनिवारी पुण्याच्या एका औषध कंपनीचे लोक येणार होते. मुलांनी आपापले प्रकल्प मांडायचे आणि त्यांतल्या दोघांना नोकरी. रेवतीला ती मिळाली तर पुणं. नाही मिळाली तर मामाच्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर बसायचं, हे घरी ठरून गेलं होतं. मामा भला माणूस होता, त्याच्याविषयी तक्रार नव्हती. पण पाच वर्षं रसायनशास्त्र शिकून खोकल्याच्या बाटल्या पिशवीत घालायच्या, हे तिला नको होतं.

तिचा प्रकल्प तसा साधा होता. एका कीटोनचं अल्कोहोल करायचं. कीटोनमधली कार्बन-ऑक्सिजनची जोडी सोळाशे साठच्या आकड्याला खळगा पाडते. ती मोडून अल्कोहोल झालं, की तो खळगा जातो आणि डावीकडे चौतीसशेच्या आसपास एक रुंद, पसरट खळगा उमटतो. म्हणजे एक गेलं पाहिजे आणि एक आलं पाहिजे.

बुधवारी दुपारी रेवतीने पदार्थ खलला. पेटीतलं मीठ संपत आलं होतं, तर तिनं बाहेरच्या बाटलीतलं घेतलं. एवढ्याने काय बिघडतंय! शेजारी मैत्रीण उभी होती. पुण्यात खोली कुठं घ्यायची, स्वयंपाक कुणी करायचा, इथपर्यंत बोलणं गेलं आणि चकती तयार झाली. यंत्राने रेषा काढली. चौतीसशेला हा भला मोठा खळगा! रेवती जागच्या जागी उडालीच. सोळाशे साठचा खळगाही उभा होता, तिला तो दिसलाही. पण ‘थोडं कीटोन उरलं असेल’ असं म्हणून तिनं त्याला बाजूला बसवलं. वितळणबिंदूही जुळत नव्हता. ओलसर पदार्थाचा तो जुळत नाहीच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मनाला हवं असलं की समजुतीला काय तोटा!

संध्याकाळी ती आलेख आणि पेढ्यांचा पुडा घेऊन सरांपुढे उभी राहिली.

“सर, झालं! अल्कोहोल मिळालं.”

सरांनी आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला. पेढ्याकडे हात नेला नाही. “पुडा ठेव तिकडे,” म्हणाले, “आणि बस गो. कसं केलंस ते सगळं सांग मला.”

मग त्यांनी जे केलं ते पाहून रेवतीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय. ज्या माणसाने चाळीस वर्षं खलताना कुणाला शिंकूही दिलं नव्हतं, त्याने खल पुढ्यात ओढला, बाहेरच्याच बाटलीतलं चमचाभर मीठ त्यात टाकलं आणि खलायला सुरुवात करून म्हटलं, “बोल. थांबू नकोस. जवळ ये, जरा मोठ्याने बोल.”

रेवती बोलत राहिली. सरही मधे मधे विचारत होते. पदार्थ किती वेळ ढवळला, पुण्याची हवा कशी, मामाचं दुकान नेमकं कुठं. दोघांची तोंडं खलावर होती आणि हात चालू होता. शेवटी त्यांनी चकती दाबली, यंत्रात ठेवली, रेषा निघाली आणि कागद तिच्या हातात दिला.

“वाच.”

वाचायला काय, रेवती तयारच होती. “चौतीसशेला रुंद आहे. म्हणजे अल्कोहोल आहे, सर. आणि हे सोळाशे तीसच्या आसपास बारीकसं... दुहेरी बंध असेल. कुठला पदार्थ आहे हा?”

“कुठलाच नाही.”

“म्हणजे?”

“तुझ्यासमोर तर टाकलं. नुसतं मीठ. त्यात काही नाही.” सरांनी चष्मा काढून पुसला. “ह्यात खाडीवरची हवा आहे, आणि तुझं-माझं बोलणं आहे. मीठ पाणी ओढतं. बाटलीत होतं तेव्हाही ओढत होतं, आणि आपल्या श्वासातलंही त्याने ओढलं. पाण्याचा खळगाही तिथंच पडतो, अल्कोहोलच्या शेजारी, आणि सोळाशे तीसचा बारीकही त्याचाच. आत काहीसुद्धा नव्हतं, आणि तू त्यातून अख्खा रेणू उभा केलास. दुहेरी बंधासकट!”

रेवतीचा चेहरा उतरला. सरांनी तिचा आधीचा आलेख उचलला, त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “आता हा वाच.”

तळहाताखाली तिचा आनंद झाकून गेला होता. उरलेल्या कागदावर सोळाशे साठचा खळगा होता. खोल, अरुंद, सरळ खाली गेलेला. ‘थोडं उरलेलं’ कुठलं, सगळंच्या सगळं कीटोन जसं घातलं तसं बसलं होतं.

“काहीच झालं नाही,” ती पुटपुटली. “सर, शनिवारी...”

“शनिवार तुझा आहे,” सर शांतपणे म्हणाले. “पाहुण्यांना हा आलेख चालेल. ते डावीकडे बघतील, मान डोलावतील. तुझा आलेख खोटा नाहीच, रेवती. त्यावर तू लिहिलेला मथळा खोटा आहे.”

एवढं बोलून ते छत्री घेऊन निघून गेले. कसली ही माणसं! पोरीच्या गळ्याशी आलेलं असताना ‘असं कर’ म्हणून सांगायचं, तर तेही नाही. रेवतीला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

गुरुवारी तिनं पुन्हा सगळं तपासायला घेतलं. कीटोनचं अल्कोहोल करणारी पांढरी भुकटी असते, तिची चिमूट तिनं आम्लाच्या थेंबात टाकली. चांगली भुकटी फसफसून उठते. ही ढिम्म बसून राहिली. बाटलीचं झाकण कित्येक दिवस सैल होतं आणि दमट हवेनं आतली भुकटी कधीच मारून टाकली होती. रेवती बाटली हातात धरून स्टुलावर बसली. हवेतल्या ज्या पाण्याने तिचं काम बिघडवलं, त्याच पाण्याने मिठात शिरून काम झाल्याची साक्ष दिली होती. चोरानेच पंच म्हणून सही करावी, आणि आपण त्याला पेढे वाटावेत! आता मागवली तरी नवी बाटली सोमवारच्या आत येणार नव्हती.

शनिवारी तिनं दोन्ही आलेख फळ्यावर लावले, तिचा आणि रिकाम्या मिठाचा. क्रिया झाली नाही, का झाली नाही आणि मला ती झाली असं का वाटलं, एवढं सांगून ती खाली बसली. कंपनीच्या माणसाने “बरं” म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. निवड दुसऱ्या दोघांची झाली. कथा म्हणून आपल्याला काहीही वाटो, नोकरी गेली ती गेली.

सोमवारी नवी बाटली आली. प्रकल्पाची मुदत संपली होती, विचारणारं कुणी नव्हतं. तरी तिनं क्रिया केली, पदार्थ नीट वाळवला, मीठ दिव्याच्या पेटीतून काढलं आणि खलायला बसली. मैत्रीण काहीतरी विचारायला आली तर तिनं डोळ्यांनीच पाटी दाखवली. रेषा निघाली तेव्हा कुणी न सांगता तिनं डाव्या अर्ध्यावर तळहात ठेवला. सोळाशे साठला काही नव्हतं. रेष सपाट गेली होती. मग तिनं हात उचलला. चौतीसशेचा खळगा तिथं होता, आणि आता तो कुणाचा हे तिला ठाऊक होतं.

सर दारात उभे राहून पाहत होते. आत आले, कागदावर नजर टाकली. “पेढे कुठं आहेत?”

“ते आंबले, सर. टाकून दिले.”

“मग नवे आण. पाव किलो पुरेत.”

रेवती हसली, कितीतरी दिवसांनी. मग धीर करून तिनं विचारलं, “सर, मीठ पाणी ओढतं म्हणून बोलायचं नाही, एवढंच पाटीवर लिहिलं असतंत तर? बुधवारीच कळून बाटली मागवली असती, माझी एक नोकरी वाचली असती.”

सरांचा चेहरा क्षणभर पडला. ही गोष्ट त्यांनाही लागली होती.

“वाचली असती,” ते म्हणाले. “ती पाटी मी बदलणार आहे, चुकलंच माझं. पण ऐक. ते लिहिलं असतं तर तू खलताना गप्प बसली असतीस. वाचताना गप्प बसायला तुला कुणी शिकवलं असतं?”

जूनपासून रेवती मामाच्या दुकानात बसू लागली. पुढचं पुढं. प्रयोगशाळेत नवी पाटी लागली आहे, तीत कारणही लिहिलं आहे. आणि तिच्याखाली, यंत्राच्या अगदी डोक्यावर, चौकटीत घालून रिकाम्या मिठाचा तो आलेख लावला आहे. त्यात काहीही नाही. नव्या मुलांना सर पहिल्या दिवशी तोच वाचायला देतात.