फळीला टेकलेली गिटार

त्या दिवशी चैत्राचं ऊन सकाळी साडेसातलाच पत्र्यावर चढून बसलं होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. कारखान्यात उडालेली कापसाची तूस खाली यायचं विसरून हवेतच थांबली होती.

"...मग बारा आवाजांचा घेऊ, का साठ आवाजांचा?"

महांतेशनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सहा माग खडखडत होते. मागाच्या कारखान्यात माणसाचं बोलणं कानांनी ऐकत नाहीत, ओठांवरून वाचतात. इराप्पा मास्तरांनी ते वाचलं, आणि हातातल्या धोट्याकडं वळले.

मास्तर जॉबर होते. बिघडलेला माग सरळ करून द्यायचा, हे पोटाचं काम. पण तरुणपणी जत्राजत्रांतून फिरणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ते गिटार धरायचे. त्यांच्याकडं शिकणारा आता एकच उरला होता, हा महांतेश. हात चलाख होता पोराचा. आणि ते त्याला स्वतःलाच सगळ्यांत आधी कळलं होतं.

गेल्या वर्षी एका ऑर्केस्ट्राच्या मालकानं त्याला ऐकलं, आणि आवाज मिळमिळीत आहे म्हणून वाटेला लावलं. महांतेशनं तो दोष आपल्या जुन्या अॅम्पच्या डोक्यावर ठेवला. येत्या रविवारी मालक पुन्हा ऐकणार होता. जागा एकच. यंदा जमलं नाही तर पुन्हा दारात येऊ नको, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं.

रविवारचं हे महांतेशनं गल्लीभर केलं होतं.

अॅम्प म्हणजे आवाजाचा डबा. विजेच्या गिटारला स्वतःचं पोकळ पोट नसतं. तिचा आवाज वायरीतून डब्यात जातो आणि तिथून मोठा होऊन बाहेर पडतो. हल्ली असे डबे निघालेत की त्यांच्यात दुसऱ्या नामांकित डब्यांचे आवाज भरलेले असतात. बटण फिरवलं की गरिबाचा डबा श्रीमंताच्या डब्यासारखा बोलायला लागतो. आपला बहुरूपी नाही का, सकाळी फौजदार आणि दुपारी वैदू... तसं.

कोल्हापूरच्या दुकानदारानं ओळखीवर असले दोन डबे पारखायला दिले होते. दोन्ही परवडण्यासारखे. आज दुपारच्या आत एक ठेवायचा, दुसरा परत. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, मास्तर घरी गेले, की महांतेश इथंच दोन्ही डबे लावून बसायचा. मोबाईलवर ढीगभर लोकांची मतंही ऐकून झाली होती. खरं म्हणजे त्याचं ठरलंच होतं. साठ आवाजांचा. मास्तरांनी नुसती मान हलवायची होती.

त्यानं डबा लावला, गिटार जोडली. बटण फिरवत गेला. हा डोंगरात वाजल्यागत, हा काच फुटल्यागत, हा जुन्या विलायती डब्यागत... असं ओठ मोठे करकरून सांगत गेला.

मास्तर मागाला तेल घालत होते.

एकोणीस झाले. वीस झाले.

आठ वाजले, आणि लाईट गेली.

शुक्रवार होता. दर शुक्रवारी त्या भागाला विजेची सुट्टी. महांतेशला ठाऊक नव्हतं असं नाही. अर्ध्या तासात आपलं काम उरकेल, असा त्याचा हिशेब होता.

सहाही माग एकदम थांबले. गल्लीतले थांबले. पलीकडच्या गल्लीतले थांबले. एवढी शांतता अंगावर आली की महांतेशला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

डब्यावरचा लाल दिवा विझला होता.

"सांगा की मास्तर. कुठला?"

"वाजव, मग सांगतो."

"अर्धा तास काय करत होतो मी?"

"बटण फिरवत होतास."

महांतेश हसला. मास्तर हसले नाहीत.

"आता कसं वाजवू? लाईट कुठं हाय?"

"बोटास्नी वायर हाय व्हय तुझ्या?"

...

त्यानं वाजवलं. नुसत्या तारा. डास गुणगुणावा तेवढा आवाज. रविवारी वाजवायची चीज होती. मधे एका जागी तार ओढून सूर वर न्यायचा होता. नेला, आणि पुढं गेला.

मास्तर उठले. त्यांनी गिटारचं खुंट्यांकडचं डोकं धरलं, महांतेशला गिटारसकट ओढत भिंतीपाशी नेलं.

ती भिंत फळ्यांची. पलीकडं नागूमावशीची खोली. मावशी उभा दिवस रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. तिचा रहाट हाताचा, त्याला शुक्रवार नव्हता.

मास्तरांनी गिटारचं डोकं फळीला टेकवलं.

"हं."

महांतेशनं तार छेडली.

अख्खी भिंत बोलली.

वीज नव्हती. डबा नव्हता. तरी लाकडातून आवाज भरून आला होता, खोल, उघडा. त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर फळीकडं बघत होते.

तो वाजवायला लागला. पहिल्या चार सुरांपर्यंत त्याला हरखल्यासारखं झालं. पाचव्याला तो हरख उतरला.

तिसरं बोट उशिरा पडत होतं. दर खेपेला. सूर संपायच्या आधीच तो सोडून पळत होता. आणि ती ओढायची तार... ती वर पोहोचतच नव्हती. दोन वर्षं ती पोहोचत नव्हती, आणि आज पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं.

"हे... हे असं वाजतं माझं?"

मास्तरांनी गिटारचं डोकं फळीला आणखी दाबलं.

"मास्तर, गेल्या वर्षी पण हे असंच..."

महांतेशच्या कानशिलांवरून घाम ओघळला. तरी तो थांबला नाही. मोडका तर मोडका, पण आपला आवाज असा समोर उभा राहिला की माणसाला त्याच्यावरून नजर काढता येत नाही. त्यानं ती तार पुन्हा ओढली. पुन्हा. आठव्या की नवव्या खेपेला बोटाचं कातडं सोलवटलं, आणि सूर वर जाऊन टेकला. क्षणभरच टेकला.

पलीकडचा रहाट थांबला होता.

मास्तर साठ आवाजांच्या डब्यापाशी जाऊन उकिडवे बसले. विझलेल्या बटणावर बोट ठेवून म्हणाले,

"ह्या साठात तू कितवा रं?"

...

महांतेश म्हणाला, की दुकानदार खोळंबलाय, एक डबा तर घ्यावाच लागणार, मैदानात काही फळीची भिंत नसते. मास्तरांनी ते मान्य केलं. डबा लागणारच, म्हणाले.

"मग कुठला?"

मास्तरांनी भिंतीकडं मान वळवली.

"तिला विचार. चार दिस तीच ऐकतीया."

नागूमावशीनं जन्मात गिटार डोळ्यांनी पाहिली नव्हती. महांतेशला हा अपमान वाटायला हवा होता. पण अपमान वाटायला माणूस शुद्धीवर लागतो. त्यानं फळीच्या फटीला तोंड लावलं आणि विचारलं, मावशी, चार दिवसांत तुला कुठलं वाजवणं बरं वाटलं?

पलीकडं कांडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मावशी उठली. फटीतून तिचा एक डोळा दिसला.

"तू व्हय म्हांतू. चार दिस लई गर्दी केलीस बाबा, कोन काय बोलतंय कळंना. पर आत्ता त्यो एकटा वाजवून गेला, त्यो कोन? हुकतोय जरा. पर रविवारी त्याला धाड. तू ऱ्हाऊ दे."