भरतीपर्यंतचा शंख

चंद्र अगदी वाळूपर्यंत उतरायचा तेव्हाची गोष्ट. समुद्र खेकड्यांना रिकामे शंख वापरायला द्यायचा आणि मोठ्या भरतीला परत न्यायचा. दर पौर्णिमेला म्हातारी कासवीण प्रत्येकाला विचारायची, "तुझ्याकडे काय आहे?"

"दोन शंख!" औषधं बनवणारा खेकडा ऐटीत म्हणाला. "एकात कचेरी, एकात प्रयोगशाळा."

"आणि परत काय द्यायचंय?"

"ते आत्ता कशाला सांगायचं, आजी?"

दोन शंख आहेत हे ऐकून शेजारच्या एका गोगलगायीने विश्वासाने आपली अंडी त्याच्या शंखात ठेवली. भरती आली, समुद्राने अलगद दोन्ही शंख नेले. उघड्या खेकड्याने अंडी नांग्यांत कशीबशी वाचवली. गोगलगाय ती घेऊन गेली.

पुढच्या पौर्णिमेला खेकडा हळूच म्हणाला, "एक शंख आहे. भरतीपर्यंत."

"मग मी भरतीच्या आधी येईन," गोगलगाय म्हणाली आणि तिने अंडी पुन्हा त्याच्या शंखात ठेवली.