नाव नसलेला धवला

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा तळखारच्या खाडीत शिडाची गलबतं यायची, आणि मिठागरावरचा चिमूटभर दाणासुद्धा धन्याला विचारल्याशिवाय घरी नेता यायचा नाही. त्या काळात जैतू तांडेलाची लेक यमू जर्मनी देशात शिकून गावी परत आली.

येताना तिला वाटलं होतं, गाव निजलेलं असेल. आपण धक्क्यावर उतरू, हाक देऊ आणि गाव डोळे चोळत उठेल. सगळा प्रवास बोटीच्या कठड्याला टेकून तिने ती हाक घोकली होती. उतरून बघते तर गाव टक्क जागं. मांडव पडलेला, हळद चाललेली, आणि बाप्ये, बायका, पोरं सगळी एका बाईच्या तोंडाकडे बघत बसलेली. ती बाई गात होती. लोकांनी यमूकडे मान वळवली, "आली गो, तांडेलाची आली" म्हणाले, आणि मान पुन्हा फिरवली.

गाणारी हौसा होती. यमूच्या बरोबरीची, मिठागराच्या एकाच कोंडीत चिखल खेळलेली. यमूच्या बापाच्या गलबतावर एक आजारी गोरी बाई बरी झाली, तिने उपकार फेडायला यमूला आपल्या देशी नेलं. हौसा मागे राहिली आणि धवलारीण झाली. तळखारला लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्याने. ती गाते तो धवला. तिने गायल्याशिवाय हळद चढत नाही आणि नवरा-नवरी एकमेकांची होत नाहीत. हौसाचा आवाज असा, की ती बांधावर बसून गायली तर भरतीचं पाणी उघाडीपाशी, बांधाच्या दारातच, थबकून ऐकायचं, असं म्हणतात.

त्या संध्याकाळी खाडीला ओहोटी लागली आणि यमूच्या पोटात हेव्याची भरती चढली. ती तिला कळली नाही. तिला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

दुसऱ्या दिवसापासून ती मिठाच्या आगरावर जाऊ लागली. दुपारी माणसं बांधावर भाकरी सोडून बसली, की ती उभी राहून बोलायची. त्या लांबच्या देशात एक मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला, ती सांगायची. तो म्हणाला, जगात काहीच थांबलेलं नाही. प्रत्येक गोष्टीच्या पोटात तिचाच वैरी वाढत असतो, दोघं झुंजतात आणि त्यातून तिसरंच काही जन्माला येतं. मग दुसरा आला. तो म्हणाला, माणूस आपल्यातलं जे चांगलं ते काढून आभाळात ठेवतो, त्याला देव म्हणतो, आणि स्वतः रिकामा होऊन त्याच्या पाया पडतो. मग तिसरा आला, त्याने दोघांचं घेतलं आणि फिरवलं. पहिला म्हणत होता की जग विचारातून उगवतं. हा म्हणाला, विचार चुलीतून उगवतो. आधी कोण राबतो आणि कोण खातो ते बघा. आणि राबणाऱ्याने केलेली वस्तूच परकी होऊन त्याच्या उरावर बसते, ते बघा.

"ही गेल्या सालची मिठाची रास बघा," यमू हात करून म्हणायची. "तुम्ही केलीत. पण ती तुम्हाला ओळख दाखवते का?"

माणसं राशीकडे बघायची. रास पांढरी, गप्प.

"मडम चांगली बोलते," गोमा म्हातारा जांभई देत म्हणायचा. "तिकरं थंडी फार ना? म्हनून बोलावं लागत असंल. तोंड गरम ऱ्हातं."

सगळे हसायचे. मागे बसलेली हौसा मात्र हसायची नाही. दातांवर मशेरीचं बोट फिरवत ती ऐकत असायची, आणि यमूला वाटायचं, ही आपली टिंगल करायला येते.

मग चैतात गोमाच्या नातीचं लग्न निघालं. हळदीला हौसा गायला बसली. नेहमीचे देव आळवून झाले, कुळाची नावं घेऊन झाली, आणि तिने कुणीच न ऐकलेला एक धवला काढला:

लेक वाढविली गो उन्हात उभ्यानं,
लेक नेली गो धन्याच्या वाड्यानं,
लेक फिरून आली गो, वळखीना मला,
सासू होऊन आली गो, राबविते मला.

मग एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "आगो, ही तं रास! आपली मिठाची रास!" आणि सगळ्या मांडवाला एकदम कळलं. पायांना मिठाने पडलेल्या भेगा माणसं अशी चाचपू लागली, जणू त्या आजच पडल्या होत्या.

असं म्हणतात, त्या रात्रीत तो धवला खाडीच्या दोन्ही काठांना पोचला. फावडं ओढताना बाया तो म्हणू लागल्या. जो तो म्हणे, "हौसा सांगते ना, रास आपली लेक हाय." यमूने महिनाभर जीव तोडून जे सांगितलं, ते हौसाने चार ओळींत घेतलं, आणि ते हौसाचं झालं.

यमूच्या हेव्याची कथा तिथे अजून सांगतात. ती ज्या घागरीला हात लावी तिचं पाणी खारट होई. आई नदीवरून गोडं पाणी आणी, यमूने ओंजळ धरली की खारं. "पोरी, तुझ्या पोटात काय शिजतंय?" आई विचारी. यमू म्हणे, "काही नाही." आणि भाताला मीठ न घालता जेवे. भात अळणी लागत नसे.

एक दिवस तिने हौसाला बांधावर गाठलं.

"ते माझं होतं," यमू म्हणाली.

"काय गो?"

"राशीचं. परकी होते ते. मी सांगितलं होतं."

"तू सांगितलास ते त्या तिसऱ्या बाबाचं ना? आनि त्यानं पहिल्या दोघांचं घेतलं. तूच बोललीस. मग त्यानं घेतलं तं तो मोठा, आनि मी घेतलं तं चोर व्हय?"

"त्याने नाव घेतलं होतं त्यांचं!"

"धवल्यात गानारनीचं नाव घालीत नाहीत, यमू. माझा पन नाही घातला. जी घालील तिचा गला जातो, माझ्या आजीनं सांगितलाय."

"लोक तरी तुझंच नाव घेतात."

"लोकांची जीभ मी पदराला बांधून फिरते?" हौसा फावडं उचलून चालू लागली. दोन पावलांवर थांबली, आणि वळून न बघता म्हणाली, "तुला बोट भेटली. मना काय भेटलं? एक गला. तेवढा पन तुला सलतो."

यमूला पुष्कळ उत्तरं सुचली, पण तोवर हौसा लांब गेली होती.

पण यमूला एक गोष्ट दिसली होती, ती हौसाला दिसली नव्हती. त्या धवल्याला खरा शेवट नव्हता. हौसाने त्याला जुन्या धवल्यांसारखा शेवट जोडला होता: धनी बाप आहे, बापाचं काळीज पाघळेल, लेकीला तो माघारी धाडील. यमूला ठाऊक होतं की हे असं होत नसतं. त्या तिघा तत्त्वज्ञांच्या सगळ्या पुस्तकांमधून तिने जर काही आणलं असेल, तर एवढंच आणलं होतं. सांगायला एक हाकेचं अंतर होतं. तिने सांगितलं नाही. 'गाऊ दे,' ती मनाशी म्हणाली. 'पडू दे तोंडावर.'

वर्षाच्या पहिल्या राशीची पूजा आली. तळखारचा रिवाज असा, की बाया मिठाचा देव घडवून राशीच्या माथ्यावर बसवत, आणि मग राशीवर पहिला हात धन्याचा पडे. तो पडला, की रास धन्याची. धनी त्र्यंबकशेठ आले. आगरकऱ्यांनी ठरवलं होतं की या वर्षी हौसाने सगळ्यांच्या वतीने मागायचं: राशीतला वाटा, आणि उन्हात राबणाऱ्या बाळंतिणीला सावली. हौसा गायली. अशी गायली की माथ्यावरच्या मिठाच्या देवाच्या डोळ्यांतून पाणी आलं, असं म्हणतात. त्र्यंबकशेठ तर ढसाढसा रडले. त्यांनी हौसाला लुगडं दिलं, खण-नारळ दिला, डोळे पुसले, आणि राशीवर हात ठेवला.

"फार सुंदर," ते म्हणाले. "परवा गलबतं लागतील. भरायला या."

झालं. दुसरं काही नाही. हौसा लुगडं हातात धरून उभी होती, जणू कुणी जळता पलिता हातात दिला होता. आणि यमूला आनंद झाला. लपवण्यासारखी गोष्ट आहे, पण गाव ती लपवत नाही: यमूला आनंद झाला. घरी येऊन तिने पाणी घेतलं, तर ते इतकं खारं, की घोट गिळवेना.

दिवेलागणीला हौसा तिच्या ओट्यावर आली. गायल्याने आवाज बसला होता.

"शेवट चुकला ना?" तिने विचारलं.

"चुकला."

"तुला आधीपासना ठावूक व्हतं."

यमू दिव्याची वात सारखी करू लागली.

"मना दिसलं तुझ्या तोंडावर, गाताना. खूश व्हतीस." हौसा पायरीवर बसली. "असू दे. मी बी तुझी बोट सुटताना तिला बुडायला सांगितलं व्हतं. आता शेवट दे."

"आणि नाव?" यमूच्या तोंडून गेलंच.

हौसाने गळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "घालीन. 'यमू म्हणे' घालीन, शेवटल्या ओळीत. गला गेला तं गेला. परवा गलबतं लागतील यमू. राशीपाशी एकदा गायला पुरंल एवढा गला हाय."

जन्मभर जे हवं होतं ते समोर आलं होतं. यमू म्हणाली, "उद्या सकाळी सांगते."

पुढे काय झालं ते सगळ्या खाडीला ठाऊक आहे. गलबतं लागली तेव्हा आगरावरचा प्रत्येक माणूस, म्हाताऱ्या गोमापासून काखेतल्या लेकरापर्यंत, राशीला हात लावून उभा होता. धन्याच्या माणसांनी टोपल्या भरल्या, तर खांद्यावर चढेपर्यंत टोपलीत मिठाचं पाणी झालं. भरती आली, ओहोटी गेली, गलबतं रिकामी डुलत राहिली, आणि त्र्यंबकशेठला राशीपाशी येऊन बोलणीला बसावं लागलं. वाटा मिळाला. बाळंतिणीला सावली मिळाली. असं म्हणतात, आणि तळखारला यावर कुणी वाद घालत नाही.

आजही तिथे पहिल्या राशीवर कुणा एकाचा हात पडत नाही. सगळे वाकतात आणि एकदम हात ठेवतात. मग धवला होतो, आणि शेवटच्या ओळीआधी धवलारीण थांबते. एक नाव घेता येईल एवढा वेळ सगळं आगर श्वास धरून राहतं. त्या थांबण्याला 'यमूची जागा' म्हणतात. नवीन पोरी विचारतात, जागा ठेवली तर नाव का नाही घेत? मग म्हाताऱ्या बाया त्या सकाळचं सांगतात.

त्या सकाळी यमू उजाडताच हौसाच्या दारात गेली. हौसा चुलीपुढे बसून गळ्याला ओव्याची धुरी देत होती. यमू उंबऱ्यातच बसली आणि शेवट सांगू लागली. आवाज तिचा भसाडा, चाल चुकलेली:

पानी तापतं गो, पानी गप ऱ्हातं,
गप ऱ्हातं तवर पानी.
एक दुपार येते गो, पानी उठून बसतं,
मीठ व्हतं, ऱ्हात नाही पानी.
हात तुझा गो, हात माझा,
लेक आपली, आपल्या घरी.

हौसाने तो दोनदा म्हणून बघितला. तिसऱ्यांदा म्हणताना तिने शेवटच्या ओळीआधी श्वास घेतला आणि 'यमू' म्हणायला तोंड उघडलं.

यमूने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"रात्री तर—"

"रात्री हवं होतं. आताही हवं आहे. खूप हवं आहे." यमूचे डोळे भरले होते आणि तिला त्याचाही राग येत होता. "पण मी त्यांना सांगायचं की राशीला एकच मालक नको, आणि या गाण्याला मात्र मालकीण हवी? घालू नकोस. आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं बघू नकोस, हौसा. तुझा गळा अजूनही मला बघवत नाही."

"नको बघू," हौसा म्हणाली. "ऐक."

आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून गाऊ लागली. यमू बाकीच्या बायांना बोलवायला उठली.