महिपतीची जोड

"गावात समद्यांचं काय ना काय गेलं वस्ताद, पण माझं काय गेलं?" महिपती म्हणाला.

त्याच्या अंगात आनंद मावत नव्हता. रविवारच्या मैदानात शेवटची, मानाची कुस्ती त्याची लागली होती. वस्तादांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. आणि लालासाहेब वस्तादांनी नेमका सिदगोंडाचा विषय काढला होता.

सिदगोंडा म्हणजे महिपतीची तालमीतली रोजची जोड. दोघं एकमेकांशी लढूनच पैलवान झाले. मग सिदगोंडा गोळ्यांच्या आणि इंजेक्शनच्या नशेला लागला, आणि त्याच्या नादानं तालमीतली बाकीची पोरंही त्याच वाटेला गेली. आज पहाटे तो महिपतीच्या दारात थरथरत उभा होता. महिपतीनं त्याला हाकलून लावलं.

"त्येच्या बापाची म्हस गेली, भैनीचं ठरल्यालं लगीन मोडलं," महिपती भडाभडा बोलत होता. "पाण्याच्या टाकीची मोटार चोरून इकली, आन् अख्खं गाव टँकरमागं पळतंय. मी सुपारीला बी हात लावला न्हाई. मी कशाला त्येचं तोंड बघू?"

"खरं हाय... उतर हौद्यात."

महिपतीनं लंगोट कसला, आखाड्याच्या हौद्यात उतरून लाल माती अंगाला फासली आणि उभा राहिला. आपलं म्हणणं वस्तादांना पटलं, असंच त्याला वाटलं.

"पट काढ," वस्ताद म्हणाले.

समोरच्याच्या पायावर झडप घालायला तो झटक्यात वाकला. हात पुढे गेले आणि तसेच राहिले.

"कुणाचा?"



महिपतीनं आजूबाजूला पाहिलं. तालमीत दोघंच होते. एके काळी या वेळेला हौद्यात पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी समोर पंजाबचा पैलवान होता, आणि तो स्वतः कित्येक महिने नुसत्या बैठका मारत होता. लढायला कुणी होतंच कुठं?

"वस्ताद... रविवारचं काय?"

म्हाताऱ्या वस्तादांनी मूठभर माती उचलून त्याच्या हातात दिली.

"रविवार ऱ्हाऊ दे. आज त्येच्या दारात जाऊन शड्डू ठोक. त्यो भाईर आला, तर रविवारला माझी परवानगी."